माझ्या मापाची गाडी

पोलक्याचं कापड बेततात तशी ती गाडी माझ्या अंगावरून बेतली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्यांनी ज्यांनी ही गोष्ट सांगितली त्यांनी नेमका हाच भाग गाळला. माझा भाऊ तर आजही सांगतो, आणि रंगवून सांगतो. त्याच्या सांगण्यात इंजिन असतं, धावपट्टी असते, टाळ्या असतात. मी असते ती अगदी शेवटी, हसण्यापुरती. ते हसणं कुठून आलं ते सांगायला मी बसले आहे. गोड बोलणं मला कधी जमलं नाही, इथेही जमणार नाही.

एकाहत्तरच्या लढाईनंतरची ती वर्षं. आम्ही उत्तर नागपुरात राहायचो. बाबा मिलमध्ये होते आणि मी सरकारी बांधकाम खात्यात ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे इंजिनिअर साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि त्यांच्या प्रत्येक रेषेवरून शाईची रेष ओढायची. पूल त्यांचा, रस्ता त्यांचा, रेष त्यांची. हात तेवढा माझा. भाऊ माझ्याहून मोठा, मोटार मेकॅनिक. जरीपटक्याच्या बाजारामागे संत्र्यांच्या पेट्या ठेवायची एक लांबलचक शेड होती, तिच्यात तो गॅरेज चालवायचा. चालवायचा तो, पण शेड, वेल्डिंगचा सेट, पाने, सगळं दुसऱ्याचं. तो दुसरा म्हणजे रामदासपेठवाला. घरच्या संत्र्याच्या बागा, रामदासपेठेत बंगला आणि मोटारींचं वेड. भाऊ त्याला शेठ म्हणायचा. मी मनातल्या मनात रामदासपेठवाला म्हणायचे आणि इथेही तेच म्हणणार. नाव सांगितलं तर अजूनही काही लोक खुर्चीवरून उठतील.

सीताबर्डीच्या फूटपाथवर जुनी इंग्रजी मासिकं मिळायची. त्यातल्या एकात त्याला एक लेख सापडला. परदेशात कुठेतरी मिठाचं सपाट मैदान आहे, तिथे लोक स्वतः बनवलेल्या गाड्या नुसत्या सरळ पळवतात. वळायचं नाही, कुणाशी शर्यत नाही. दोन खुणांमधलं अंतर किती वेगात कापलं, एवढंच मोजायचं. रामदासपेठवाला ते मासिक घेऊन गॅरेजात आला तो हरखूनच. मी भावाचा डबा घेऊन आले होते. त्याने आम्हा दोघांना चित्रं दाखवली. लांब, निमुळत्या, जमिनीला चिकटलेल्या गाड्या.

"असं आपण करू," तो म्हणाला. "विदर्भात कुणी केलं नसेल."

"मीठ कुठून आनता शेठ?" भावाने विचारलं.

मीठ नव्हतं, पण धावपट्टी होती. पारशिवनीच्या अलीकडे, दुसऱ्या महायुद्धात कुणीतरी घाईघाईने केलेली आणि नंतर कुणालाच नको असलेली. आजूबाजूच्या गावातले लोक तिच्यावर मिरच्या वाळवायचे. पण सरळ होती, आणि लांब होती.

मग आराखड्याची बोलणी सुरू झाली आणि मी त्यात कशी शिरले ते माझं मलाच कळलं नाही. मासिकातलं इंग्रजी मीच वाचून सांगायचे. रामदासपेठवाल्याला इंग्रजी यायचं, पण वाचायचा कंटाळा. त्या लेखात एक गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली होती: समोरून गाडी जेवढी मोठी दिसते तेवढी हवा तिला अडवते. म्हणून गाडी अरुंद हवी, बुटकी हवी, आणि चालवणारा तिच्यात जवळजवळ आडवा झोपलेला हवा. मी वर बघितलं. रामदासपेठवाला दारातून वाकून आत येणारा, खात्यापित्या घरचा. भाऊ हडकुळा, पण त्याचे पाय खाटेबाहेर जायचे.

"तुमच्यापैकी कुणी बसणार असेल तर म्हशीएवढी गाडी लागेल," मी म्हटलं.

भाऊ हसला. "मंग तूच बस ना वं. तू तं पेटीत मावतं."

तो थट्टेत बोलला. पण रामदासपेठवाला हसला नाही. माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघून तो म्हणाला, "बरोबर आहे. हीच चालवेल. ठरलं." भर दुपारी, शुद्धीत, माझ्या भावासमोर. मी ते शब्द धरून ठेवले. लहान चणीमुळे मला आजवर फक्त बोलणी मिळाली होती. पोरगी हाडाची काटकुळी, हिच्याने काय होणार, हिला कोण करणार. पहिल्यांदा माझ्या लहान असण्याचा कुणालातरी उपयोग होता.

एका रविवारी भावाने शेडची फरशी धुतली, त्यावर पोतं अंथरलं, डोक्याखाली दोन विटा ठेवल्या आणि मला झोपवलं. मी त्याची जुनी पँट आणि वरून कुडता घातला होता. आईने बघितलं असतं तर दोघांनाही झोडपलं असतं. "गुडघे थोडे उचल. तेवढेच. आता हलू नको," म्हणत त्याने माझ्याभोवती खडूने रेघ मारली. पायाच्या चवड्यापासून डोक्यावरून फिरून परत दुसऱ्या चवड्यापर्यंत. मी उठले आणि फरशीवर माझा तो रिकामा आकार बघितला. इतकासा. त्याच्याभोवती आता लोखंड उभं राहणार होतं.

मी नकाशा काढला. ऑफिसात वाया गेलेले ट्रेसिंगच्या कापडाचे तुकडे होते, त्यांच्यावर. वरून गाडी, बाजूने गाडी, समोरून गाडी. मागे इंजिन, मध्ये जाड पत्र्याची भिंत, पुढे मी, माझ्या पायाशी पेडलं आणि डोक्यावरून वाकवलेली पाइपाची कमान, गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून. कमानीची जाडी मी भावाशी भांडून वाढवून घेतली. वजन वाढतं म्हणून तो कुरकुरत होता. दिवसभर दुसऱ्यांच्या रेषा गिरवणाऱ्या बाईला स्वतःची रेष काढताना काय वाटतं, ते त्या दोघांना समजावून सांगायची मला गरज वाटली नाही. मी खूश होते. इतकी खूश मी त्यानंतर फारशी झाले नाही.

हिवाळ्यात गाडी चालवायला शिकले. रामदासपेठवाल्याची जीप, बाजूला भाऊ, समोर धावपट्टी. दोन्ही कडांना मिरच्या पसरलेल्या, त्यामुळे वारा आला की सगळेच शिंकायचे. मिरच्या उलटसुलट करणाऱ्या बायका हातातलं काम टाकून बघायच्या. त्यातली एक म्हातारी, डोक्यावर पदर, हातात दाताळं, एकदा जीपजवळच आली.

"बाई, तुले भेव नाही लागत काय वं?"

"नाही," मी म्हटलं. खरंच लागत नव्हतं. अंधाराला भिणारी, पालीला भिणारी, साहेबाच्या आवाजाला भिणारी मी, वरच्या गिअरमध्ये जीप सरळ सुटली की मला कशाचंच भय वाटायचं नाही.

"वारे पोरी," म्हणून ती तोंडभर हसली आणि परत मिरच्यांकडे गेली.

उन्हाळ्यात सांगाडा झाला. नागपूरचा उन्हाळा, पत्र्याची शेड, वर वेल्डिंग. भाऊ ओला टॉवेल डोक्यावर घेऊन काम करायचा आणि तो वाळायच्या आत पुन्हा भिजवायचा. इंजिन एका जुन्या अमेरिकन गाडीचं, आठ सिलिंडरचं. ती गाडी कुण्या संस्थानिकाच्या गोठ्यात कोंबड्यांसकट उभी होती. पुढचा आस जीपचा. चालवणाऱ्याला बांधायचे पट्टे कामठीच्या लष्करी भंगारातून आणले, पॅराशूटचे. गाडीचं नाक इतवारीतल्या भांडी ठोकणाऱ्याकडून ठोकून घेतलं. त्याने ते इतकं गुळगुळीत केलं की भाऊ म्हणाला, यात पोहे कालवावे. त्या दिवसांत आम्ही खूप हसायचो. हे मुद्दाम लिहिते आहे. भाऊ वाईट होता असं नाही. वाईट असता तर मी एवढी वर्षं जळत बसले नसते.

सांगाडा चाकांवर उभा राहिला त्या संध्याकाळी मी आत शिरले. पाठ टेकली, मान टेकली, हात चाकावर आले, पाय पुढे गेले आणि बरोबर पेडलांवर बसले. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. माझ्या आयुष्यात चपला मोठ्या होत्या, सायकल उंच होती, ऑफिसातल्या खुर्चीवर पाय लोंबकळायचे. मला बरोबर बसलेली ही पहिली वस्तू. मी आत बराच वेळ पडून राहिले. भाऊ म्हणाला, "आता निघ ना वं, का झोपली?"

पावसाळ्यात पत्रा चढला, रंग लागला, आणि गाडी दिसायला लागली तशी माणसं यायला लागली. रामदासपेठवाल्याच्या क्लबातली मंडळी आली. कुणी वर्तमानपत्रवाला आला. कुणी मोठे पाहुणे झेंडी दाखवायला येणार, अशी बोलणी सुरू झाली. मग एके दिवशी ऑफिस सुटल्यावर मी गॅरेजात गेले तर रामदासपेठवाला गाडीशेजारी उभा. माझ्याकडे न बघता तिच्या पत्र्यावरून हात फिरवत तो बोलायला लागला.

"लोक येणार आहेत. पाहुणे आहेत. बाईमाणूस आत बसलं आणि काही झालं, तर आपल्यावर येईल."

"काय होईल?"

"तसं नाही. मी तुझ्या काळजीने म्हणतो आहे."

"मला काळजी नको. तुम्ही ठरलं म्हणाला होतात."

"ते तेव्हा गमतीत," तो म्हणाला. आणि मग खरं कारण बाहेर पडलं, "लोक हसतील गं. एवढी मेहनत केली आपण."

आपण! मी भावाकडे बघितलं. तो स्पार्क प्लग पुसत होता. पुसलेला प्लग तो पुन्हा पुसत होता.

"काहून बोलून नाही राहिला गा भाऊ?"

"मी काय बोलू वं," तो खाली बघत म्हणाला. "शेड त्याची, इंजिन त्याचं. एक खेप त्याले चालवू दे. मंग तुह्यीच हाय."

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पण त्याहून मोठा तमाशा पुढेच होता. रामदासपेठवाला गाडीत बसायला गेला आणि बसता येईना. कंबरेपर्यंत गेला आणि गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. पुढे सरकला तर डोकं बाहेर, मागे सरकला तर पाय पेडलांवर दुमडलेले. पाळण्यात बसलेल्या बाप्यासारखा तो तिथे अडकून होता आणि भाऊ त्याला काखेत हात घालून ओढत होता. मी हसले. मोठ्याने, मनापासून, पोट धरून हसले. त्या हसण्याची माफी मला त्या घरातून कधी मिळाली नाही. दुसऱ्या एका गोष्टीची मात्र मिळाली, तीही सांगते.

गाडी कापायची ठरली. पत्र्याची भिंत आणि पेडलं यांच्या मधला सांगाडा कापून दीड वीत लांबवायचा आणि स्टिअरिंगचा दांडाही मधोमध कापून त्यात पाइपाचा तुकडा घालायचा. भाऊ घरी आला आणि जेवताना हळूच म्हणाला, "तेवढा नवा नकाशा काढून दे ना. दोन रेघा तं हायेत."

"खडू आहे ना तुझ्याकडे," मी म्हटलं. "त्याला झोपव आणि मार रेघ."

त्याने तसंच केलं. फरशीवर माझ्या पुसट झालेल्या आकारावर रामदासपेठवाल्याला झोपवलं आणि त्याच्याभोवती रेघ मारली. मी दुसऱ्या दिवशी बघितली. माझी रेघ त्याच्या पोटात गेली होती. त्या वाढवलेल्या भागाचा नकाशा कुणी काढला नाही. कागदावर नाही, कापडावर नाही. अंदाजाने कापलं आणि अंदाजाने जोडलं. एवढं ध्यानात ठेवा.

दसरा जवळ आला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी पळवायची असं ठरलं होतं. आता नागपूरचा दसरा कसा असतो ते सांगायला हवं. ज्यांच्याकडे अवजारं आहेत ते खंडेनवमीला ती पुसून, हळदकुंकू लावून पूजेत मांडतात, आणि एकदा मांडली की दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. रामदासपेठवाल्याची आई दरवर्षी स्वतः गॅरेजात यायची. पाने, हातोड्या, शेगडा, वेल्डिंगचा सेट, सगळ्यांना झेंडूच्या माळा. आमच्या घरी हे काही नव्हतं. छप्पन साली बाबा दीक्षाभूमीच्या त्या गर्दीत उभे राहिले आणि घरातले देव गेले ते गेलेच. आमचा दसरा दीक्षाभूमीवर. गावागावांहून नातेवाईक यायचे, घरात पाय ठेवायला जागा नसायची, आणि भाऊ आणि मी दिवसभर आमच्या वस्तीच्या मंडपात येणाऱ्यांना पाणी द्यायचो. भाऊ त्या पूजेला हात जोडत नसे, पण शेठच्या आईने पाने मांडले की पाने उचलायचे नाहीत, हे तोही पाळायचा. श्रद्धेने नाही, नोकरीने.

खंडेनवमीला तो दुपारीच घरी आला. "पाने पूजेत बसले," तो हात धूत म्हणाला. "दांड्याले टाके मारून ठेवले हायेत. पक्कं वेल्डिंग दसरा झाल्यावर करतो. शेठले सांगून ठेवलं, कच्चं हाय, हात लावू नका."

टाके म्हणजे शिवणातल्यासारखेच. आधी दोन-तीन ठिकाणी कच्चे टाके घालून माप नीट बसलं का बघायचं, मग सगळीकडून पक्की शिवण मारायची. दांडा कच्च्या टाक्यांवर होता आणि पक्की शिवण घालायचं यंत्र झेंडूची माळ घालून पाटावर बसलं होतं.

दसऱ्याला आम्ही दोघं पाणी वाटत होतो. तिकडे रामदासपेठवाल्याचे पाहुणे एक दिवस आधीच येऊन ठेपले. दसऱ्याचा पूर्ण दिवस शुभ, वेगळा मुहूर्त बघायची गरज नाही, सुट्टी असल्याने सगळे मोकळे. मग उद्यावर कशाला टाकायचं? त्याने ट्रक मागवला, गाडी चढवली आणि धावपट्टीवर नेली. नाकावर हार, चाकांखाली लिंबं. भावाला निरोपसुद्धा पाठवला नाही. पाठवला तर भाऊ अडवेल, हे त्याला माहीत होतं.

पहिली खेप त्याने हळू मारली. टाळ्या झाल्या. दुसऱ्या खेपेला पाय दाबला. धावपट्टीच्या मध्यावर स्टिअरिंग त्याच्या हातात नुसतंच गरगर फिरायला लागलं. टाके तुटले होते. गाडी पट्टी सोडून बाभळीत शिरली आणि उलटली.

तो वाचला. मांडीचं हाड मोडलं, खांद्याचं मोडलं, पण डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. पाइपाची ती कमान, जिच्या जाडीसाठी मी भावाशी भांडले होते, ती जराशी दबली आणि तशीच उभी राहिली. माझ्या रेषेने त्याचा जीव वाचवला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. हे तिथे जमलेल्या एकाही माणसाने म्हटलं नाही, म्हणून मला सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि मी दवाखान्यात गेलो. दवाखाना रामदासपेठेतच, त्यांच्या घरापासून चालत जाण्याएवढा. आम्ही मोसंबी घेतली होती. संत्रेवाल्यांकडे काय न्यायचं हा प्रश्नच होता. वऱ्हांड्यात रामदासपेठवाल्याची आई बसली होती, आजूबाजूला क्लबची दोन-चार मंडळी. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मला तिची खरंच दया आली.

"असं कसं झालं रे?" तिने भावाला विचारलं. "तू तर म्हणायचास, गाडी पक्की आहे."

भाऊ पुढे हात बांधून उभा होता. मला वाटलं, आता तो सांगेल. कच्चे टाके होते, सांगून ठेवलं होतं, तरी नेली. साधं आहे, दोन वाक्यांचं आहे.

"नकाशात चूक होती," भाऊ म्हणाला. "नकाशा माह्या बहिनीनं काढला होता."

वऱ्हांड्यातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी तोंड उघडलं. भावाने माझं मनगट धरलं आणि इतक्या जोरात दाबलं की बांगडी पिचली. रामदासपेठवाल्याची आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. पण ती उठली आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "पोरीची जात. एवढं मोठं काम तिच्यावर टाकायला नको होतं. आमच्या मनात काही नाही बरं."

मी न केलेल्या चुकीची अशी मला माफी मिळाली, चारचौघांत. मोसंब्यांची पिशवी अजून माझ्याच हातात होती.

परत येताना रिक्षात मी भावाला धरलं. "काहून म्हटलं तू तसं गा? काहून?"

"मंग काय म्हनू?" तोही उसळला. "तिची पूजा होती म्हनून वेल्डिंग राह्यलं, असं तिले म्हनू? पोरगा मोडून पडला आन् त्याची माय समोर बसली, तिले म्हनू तुह्याच पोराची चूक? का म्या कच्चं ठेवलं म्हनू आन् उद्यापासून घरी बसू? कोनाचं नाव घेऊ, सांग ना." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुले काय फरक पडते वं? तुही तं सरकारी नोकरी हाय."

पूजेला दोष देता येत नव्हता, पोराला देता येत नव्हता, स्वतःला द्यायची हिंमत नव्हती. उरले मी. खापर फोडायला घरचंच डोकं सोयीचं असतं, रागावून जाणार कुठे? मी खूप महिने त्याच्याशी बोलले नाही. एकाच घरात राहून, एकाच पंगतीला जेवून बोलले नाही. त्याने फार मनावर घेतलं नाही. बहिणी रुसतात, असं तो आईला म्हणायचा.

रामदासपेठवाला बरा झाला. किंचित लंगडायचा, पण त्या लंगडण्यालाही लोक मान द्यायचे. मोटारींचं वेड उतरलं आणि तो आधी संत्र्यांत आणि मग सभासमारंभांत रमला. मोडकी गाडी त्याने भावाला देऊन टाकली. भावाने ती फावल्या वेळात दुरुस्त करायला घेतली. दबलेला पत्रा काढला, कमान सरळ केली, दांड्याला सगळीकडून पक्कं वेल्डिंग केलं. मला तो काही सांगत नसे आणि मी विचारत नसे. पण गाडी दुरुस्त होते आहे हे मला माहीत होतं. रागावले होते तरी ती आत बसल्याची संध्याकाळ माझ्या अंगातून गेली नव्हती. पाठ तिथेच टेकायची, पाय तिथेच जायचे, हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

पुढच्या हिवाळ्याच्या अखेरीस एका रविवारी तो म्हणाला, "चाल. म्हटलं होतं ना, मंग तुह्यीच हाय. आता शेठ नाही, पाहुणे नाही. कोनी नाही. चाल."

मी ताठ राहायला हवं होतं, असं माझी मुलगी म्हणते. मी नाही राहिले. ट्रंकेच्या तळातून ती जुनी पँट काढली, धुतलेली होती तरी झटकली, आणि गेले. जीपला बांधून गाडी ओढत नेताना मी मागे वळून वळून तिच्याकडे बघत होते. मी भावाला माफसुद्धा करून टाकलं होतं, वाटेतच, कन्हानच्या पुलावर.

धावपट्टीवर मिरच्या होत्या. बायका होत्या, ती म्हातारीही होती. भावाने इंजिन तापवलं. ते घुमायला लागलं. मी आत शिरले. पाठ टेकली. मान टेकली. पाय पुढे केले.

पुढे काहीच नव्हतं. मी आणखी ताणले. चवडे टोकाला नेले, कंबर सरकवली, तर डोकं खाली गेलं आणि समोरचं आभाळही दिसेना. पेडलं तिकडे होती, दीड वीत दूर. त्याने सगळं दुरुस्त केलं होतं. प्रत्येक सांधा, प्रत्येक पत्रा. फक्त गाडी परत कापून माझ्या मापाची करायची, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती आता रामदासपेठवाल्याच्या मापाची होती आणि त्याला तीच गाडी वाटत होती.

तो वाकून माझ्या पायांकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"थांब! पोत्यात तनस भरून आनतो. मागं लावू, बरोबर बसते."

मी त्याचा खांदा धरून बाहेर आले. "काहून उतरली वं?" तो म्हणाला. "दोन मिनटाचं काम हाय." बोलले असते तर त्या मिरच्यांमध्ये बसून मोठ्याने रडले असते, आणि ते मला त्याला द्यायचं नव्हतं. मी जीपमध्ये जाऊन बसले.

ती म्हातारी दाताळं घेऊन जवळ आली. तिने मला ओळखलं होतं. "बाई नाही चालवत काय जी?" तिने भावाला विचारलं.

"भेली ना ते," भाऊ म्हणाला.

आणि मग तो स्वतः गाडीत झोपला. थोडा आखडून, पण मावला. धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने ती पळवली. मिरच्या उडाल्या, बायका ओरडल्या. फार छान पळाली. तेवढं खोटं मी बोलणार नाही.

आता तो म्हातारा आहे, मीही आहे. दिवाळीच्या सुट्टीत सगळी नातवंडं जमली की तो ही गोष्ट सांगतो आणि शेवटी माझ्याकडे हात करतो, "आणि ही तुमची आजी! गाडी तयार, इंजिन चालू, आत बसली आणि ऐन वेळी घाबरून उतरली." सगळे हसतात. पोरं माझ्या गळ्यात पडतात, आजी तू घाबरली होतीस? मी आजवर मान हलवून वेळ मारून नेत आले.

मी घाबरले नव्हते. माझे पाय पोचत नव्हते.